रेजिदोराच्या ट्रंकेतील वस्तू : जाळाव्यात, विकाव्यात की ठेवाव्यात?

फोंडा तालुक्यातील आपल्या जुन्या घराची कौले उतरवताना माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक सापडली आणि तीत आपल्या आजोबांच्या रेजिदोरकीच्या (रेजिदोर म्हणजे गावातला पोर्तुगीज सरकारचा माणूस) काळातील चीजवस्तू निघाल्या, असे आपण लिहिले आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची चौकटीत बसवलेली तसबीर, 'एस' अक्षराचे बक्कल असलेला कातडी पट्टा, पोर्तुगीज सरकारने दिलेले एक पदक, माणसांच्या चित्रांखाली त्यांची जात छापलेली काही पोस्टकार्डे, आणि १९३४ साली एका मुंडकाराकडून (जमीनमालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या माणसाकडून) मुद्रांकित कागदावर लिहून घेतलेली कबुलायत. याखेरीज मागील पडवीच्या खुंटीवर दोन करवंट्या. आपले चुलते १९५५ साली आग्वादच्या तुरुंगात होते आणि आज नव्वदीला टेकले आहेत. त्यांचे म्हणणे असे की हे सारे येत्या शिमग्याच्या होळीत टाकावे. धाकटा भाऊ म्हणतो की तसबिरीला आणि पट्ट्याला परदेशातील हौशी संग्राहक चांगले पैसे देतात, तेव्हा विकून छपराच्या खर्चाला हातभार लावावा. आपल्याला यांपैकी एकही मार्ग पटत नाही, पण या वस्तू घरात ठेवायचीही लाज वाटते.

काहीही जाळू नका, काहीही विकू नका, आणि निदान एक पावसाळा जाईपर्यंत कोणत्याही वस्तूचा शेवटचा निर्णय करू नका, असे माझे उत्तर आहे. तीस वर्षे गोव्यातील घराघरांतून कागद, फोटो आणि वस्तू यांची नोंद व जतन करण्याचे काम केल्यावर एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. ज्या वस्तूची आपल्याला लाज वाटते, ती बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी बाजूने साक्ष देत असते. म्हणून तिचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार एकट्या मालकाचा नसतो. ठेवणे म्हणजे मिरवणे नव्हे, हेही आरंभीच स्पष्ट करतो. दिवाणखान्याच्या भिंतीवरून काढणे आणि जगातून नाहीशी करणे या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि आपल्या घरातील वाद मला वाटते हे अंतर न पाहिल्यामुळे वाढला आहे.

आधी होळीविषयी. आपल्या चुलत्यांच्या संतापापुढे मी नम्र आहे. ज्या मुलाने एकोणिसाव्या वर्षी सालाझारच्या तुरुंगाची भाकरी खाल्ली आणि ज्याचा बाप त्याच वेळी सालाझारच्या तसबिरीखाली बसून दाखल्यांवर सह्या करीत होता, त्याला ती तसबीर आगीत पाहावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आग कोणाच्या उपयोगी पडते, याचा गोव्याला फार कडू अनुभव आहे. इथे इंक्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे चर्चचे न्यायासन, १५६० साली आले, १७७४ साली बंद झाले, १७७८ साली पुन्हा सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे उठले. त्या काळात ज्यांना कोठडीत डांबले, ज्यांची मालमत्ता जप्त झाली, ज्यांना जाळले, त्यांच्या खटल्यांची बहुतेक मूळ दप्तरे नंतर नष्ट करण्यात आली. मागे उरले ते थोडे. इंक्विझिशनच्याच सेवेतील जुआंव देल्गादु फिगैरा याने १६२३ साली केलेली सुमारे ३,८०० खटल्यांची जंत्री लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पण जंत्रीत आरोपी माणसाचे म्हणणे नसते. शार्ल देलोन हा फ्रेंच वैद्य गोव्याच्या कोठडीतून जिवंत बाहेर पडला आणि त्याने १६८७ साली आपली हकिकत छापली, म्हणून इंक्विझिशनच्या वाड्याच्या आत काय चालत असे ते आपल्याला कळते. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली गोव्याच्या इंक्विझिशनवर ग्रंथ लिहिला तेव्हा देलोन आणि त्यानंतर सव्वाशे वर्षांनी आलेला बुकॅनन या परक्यांच्या वृत्तांतांवर त्यांना भिस्त ठेवावी लागली. आपल्याच गावांतील, आपल्याच आडनावांच्या माणसांनी कोठडीत काय सांगितले असेल, याचा कागद आपल्यापाशी जवळजवळ उरलेला नाही. म्हणजे त्या आगीत छळ करणाऱ्याची अब्रू राखली गेली आणि छळ सोसणाऱ्याचा शब्द गेला. हे चुलत्यांना शांतपणे सांगून पाहा. ते समजतील असे मला वाटते, कारण ज्यांनी तुरुंग पाहिला आहे त्यांना दप्तराची किंमत माहीत असते. पोर्तुगालमध्येही एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर पिदे या राजकीय पोलिसांचे दप्तर पुष्कळ अंशी वाचले आणि तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय दप्तरखान्यात ठेवले गेले. म्हणूनच आज तिथला माणूस आपल्यावर कोणी पाळत ठेवली होती ते वाचू शकतो.

आता त्या कबुलायतीकडे वळतो, कारण माझ्या मते ट्रंकेतील सर्वांत मोलाची आणि सर्वांत नाजूक वस्तू तीच आहे, आणि आपण पत्रातल्या ट्रंकेच्या यादीत तिला सर्वांत शेवटी, एका ओळीत उरकले आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रात माथ्यावर पोर्तुगीज राज्यचिन्ह असलेला पापेल सेलादु (मुद्रांकित कागद) दिसतो, खाली मोडी मजकूर आहे, आणि डाव्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा. मजकूर मी वाचला. घरात लग्नकार्य, चवथ किंवा दिवाळी असेल तेव्हा मुंडकार आणि त्याची बायको बिनमजुरी कामास येतील. भाटात (माडांच्या बागेत) पडलेला नारळ उचलणार नाहीत. भाटकार (जमीनमालक) सांगेल त्या दिवशी खोप मोडून, वळचणीचे वासेसुद्धा मागे ठेवून निघून जातील. ठसा एका बाजूने ओढला गेला आहे. ज्याला अंगठा उठवायची सवय नाही त्याचा हात दुसऱ्या कोणी धरला की ठसा तसा फरफटतो. अशा कागदांवर मी तो पुष्कळदा पाहिला आहे. त्याच्याशेजारी वेगळ्या, सराईत अक्षरात त्या माणसाचे नाव आहे आणि "निशाणी अंगठ्याची" असे लिहिले आहे.

हा कागद वाचून आपल्याला रात्रभर झोप आली नाही, असे आपण लिहिता. ते योग्यच आहे. परंतु हाच कागद दुसऱ्या बाजूने वाचून पाहा. ज्या माणसाला घर मोडून जायला लावण्याची अट घातली, तो १९३४ साली त्या भाटात घर करून राहत होता, हे त्या अटीनेच सिद्ध होते. मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा गोव्यात १९७५ साली झाला, आणि मामलेदारापुढे मुंडकारपण शाबीत करताना गरीब कुटुंबांची अडचण नेहमी एकच होते, ती म्हणजे कागद नसतो. घरपट्टी भाटकाराच्या नावे, झाडे भाटकाराची, तोंडी साक्ष देणारी माणसे वारलेली. अशा वेळी भाटकाराच्या पूर्वजाने आपल्या सोयीसाठी लिहून घेतलेला जुलमी कागद मुंडकाराच्या नातवाचा सर्वांत भक्कम पुरावा ठरू शकतो.

मी हे अनुभवाने सांगतो, आणि त्या अनुभवात चूक माझी होती. पंचवीसएक वर्षांपूर्वी तिसवाडीतील एका घराने मला त्यांचे जुने बाड पाहायला बोलावले. मी ताम्रपट, सनदा, देवस्थानाचे कागद बाजूला काढले, आणि नारळाच्या पाडेलीच्या व मुंडकारांच्या हिशेबाच्या चार चोपड्यांविषयी म्हणालो की यात ठेवण्यासारखे विशेष काही नाही. त्या चोपड्यांत शिव्यांसारखी टोपणनावे लिहिलेली होती आणि घरच्यांना त्यांची लाज वाटत होती. माझ्या बोलण्याने त्यांना सुटल्यासारखे झाले आणि त्यांनी त्या जाळल्या. तीन वर्षांनी त्या भाटातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. तुम्ही त्या चोपड्या पाहिल्या होत्या ना, त्यांत माझ्या आज्याचे नाव होते ना, एवढेच त्यांनी विचारले. नाव होते. मला ते आठवतही होते. पण माझी आठवण मामलेदारापुढे कागदाची जागा घेऊ शकली नाही. तेव्हापासून मी कोणत्याही घराला एकही कागद निरुपयोगी आहे असे सांगितलेले नाही.

म्हणून या कबुलायतीची स्वच्छ छायाप्रत काढून ती त्या कुटुंबाला द्यावी, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवतो. त्या भाटात आजही त्यांचे घर आहे, असे आपण लिहिता. प्रत दिल्याने आपल्या जमिनीविषयी प्रश्न उभा राहू शकतो, हे मी लपवत नाही. आधी वकिलाशी बोलून घेणे शहाणपणाचे आहे. पण वकिलाने "कागद दाखवूच नका" असे सांगितले तर तो सल्ला कायद्याचा आहे की केवळ सोयीचा, हे आपण स्वतः तपासावे. आणखी एक गोष्ट मला कायद्याहून मोठी वाटते. त्या माणसाचा फोटो कोणी काढला नसेल, त्याने स्वतःच्या हाताने एक अक्षरही लिहिले नसेल. त्याच्या देहाची या जगात उरलेली एकच खूण म्हणजे तो फरफटलेला अंगठा असण्याचा फार संभव आहे. पणजीच्या दप्तरखान्यात गुलामांना मुक्त केल्याची सतराव्या-अठराव्या शतकातील पत्रे आहेत. ती धन्यांनी लिहविलेली, धन्यांच्या भाषेतली आहेत, आणि तरीही त्या स्त्रीपुरुषांची नावे अन्यत्र कुठेही सापडत नाहीत. मालकाने केलेल्या अन्यायाचा कागद हाच अन्याय सोसणाऱ्याच्या नावाचा एकुलता ठिकाणा, असे पुन्हापुन्हा घडते.

करवंट्यांचे उत्तर वेगळे आहे. त्या कशासाठी होत्या हे आपल्याला ठाऊक आहे आणि आपण ते स्पष्ट लिहिले आहे, याबद्दल मला आदर वाटतो. बहुतेक घरे "पूर्वी असेच वापरायचे" म्हणून विषय बदलतात. अंगणात आलेल्या दलित माणसाला पाणी किंवा चहा द्यायचा तो घरच्या भांड्यात नव्हे, तर या करवंटीत, आणि तोही वरून ओतून. घरातल्या कोणाला ती हातात घ्यावी लागू नये म्हणून ती मागल्या बाजूला खुंटीवर असायची आणि पिणाऱ्यानेच ती धुऊन परत लावायची. एका गावच्या शाळेच्या शताब्दीला आम्ही जुन्या वस्तूंचे प्रदर्शन मांडले होते. तांब्याची भाणे, पितळी समया, दवल्या, आणि त्यांच्याच रांगेत अशी एक करवंटी. सगळ्यांवर मिळून चिठ्ठी होती "पूर्वीची भांडी". दुपारी एक वृद्ध बाई नातीला घेऊन आल्या. बाकीचे पाहत पाहत त्या करवंटीपाशी थांबल्या, हात पुढे केला आणि मागे घेतला. मग नातीला म्हणाल्या, "हातूंत आमकां वयल्यान उदक घालताले." (यात आम्हांला वरून पाणी घालत.) आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारले की ही आत कशी आली. त्यांच्या प्रश्नात राग नव्हता, खरेच नवल होते. त्या उंबऱ्याबाहेरच्या वस्तूला आम्ही समईशेजारी बसवले होते, आणि ज्यांच्यासाठी ती होती त्यांना मात्र त्या घरात कधी पाऊल टाकता आले नव्हते. दोष करवंटी मांडण्यात नव्हता. तिच्यावर "भांडे" असे लिहून आम्ही खोटे बोललो होतो, तो दोष होता. मी ती चिठ्ठी काढली आणि त्यांना विचारून त्यांचे वाक्य, त्यांच्याच बोलीत, तिथे लिहिले. ती त्या रांगेतून काढून दाराबाहेर, अंगणाच्या बाजूला ठेवावी असे त्यांनीच सुचवले, आणि उरलेले दोन दिवस ती तिथेच होती.

तेव्हा या करवंट्या आपण एकट्याने ठेवू नका आणि एकट्याने टाकूही नका. आपल्या गावात त्या वस्तीतील जाणती माणसे असतील, तर त्यांना विचारा. काहींना ती वस्तू पुन्हा डोळ्यांपुढे नको असते, काहींना ती आपल्या पोरांना दाखवायची असते. दोन्ही म्हणणी मी ऐकली आहेत आणि दोन्ही खरी आहेत. त्यांनी मोडून टाका म्हटले, तर फोटो व नोंद करून त्यांच्या समक्ष मोडा. ज्या वस्तूने एखाद्याच्या देहाचा अपमान केला, तिच्यावर पहिला हक्क त्या माणसाच्या घराचा आहे. नोंद मात्र सोडू नका, नाहीतर चाळीस वर्षांनी आपलेच कोणी म्हणेल की आमच्याकडे असे काही नव्हतेच.

सालाझारच्या तसबिरीला मी त्यामानाने कमी महत्त्व देतो. अशा छापील तसबिरी शाळाशाळांतून, कचेऱ्याकचेऱ्यांतून टांगलेल्या असत. चित्र म्हणून त्यात दुर्मीळ काही नाही. जे दुर्मीळ असेल ते पाठीमागे असेल. चौकट उलटी करून पाहा. कचेरीच्या सामानयादीचा क्रमांक, चौकट करणाऱ्याची चिठ्ठी, कोणी कोणाला केव्हा दिली ते लिहिलेले, किंवा आधाराला घातलेले जुने वर्तमानपत्र, यांपैकी काही सापडले तर ती तसबीर आपल्या गावची होते. मी एकदा अशाच एका चौकटीच्या पाठीतून वर्तमानपत्राचे पान सोडवले, तेव्हा त्यावर 'विझादु पेला सेंसुरा' ही छापील ओळ निघाली. सेन्सॉरने तपासून सोडले, असा तिचा अर्थ. पुढून हुकूमशहाचा चेहरा आणि पाठीला त्याच्या सेन्सॉरचा शिक्का, असा तो पुरावा होता. कोणी रागाने काच फोडून चौकट उखडली असती तर पान फाटून गेले असते. खिळे गंजलेले असतील तर ते स्वतः उपसू नका. पट्टा 'मोसिदादि पोर्तुगेझा' या १९३६ साली स्थापन झालेल्या युवक संघटनेच्या गणवेशातला आहे. बक्कलावरचा 'एस' म्हणजे सेर्विर, सेवा करणे, असे मुलांना सांगत. पण तो सालाझारचा 'एस' आहे हे सगळ्यांना कळत होते. हा पट्टा घरातील कोणत्या मुलाचा, हे आपल्या चुलत्यांना विचारा. तो त्यांच्याच शाळेच्या दिवसांतला असण्याची शक्यता आहे, आणि असेल तर त्याविषयी त्यांनी सांगितलेले ध्वनिमुद्रित करून ठेवा. पट्ट्यापेक्षा ते बोलणे मोलाचे.

सार्वजनिक ठिकाणी गोव्याने या प्रश्नाची जी उत्तरे दिली आहेत, त्यांतील काही मला फार शहाणपणाची वाटतात. पणजीच्या आझाद मैदानातील मंडप मुळात गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी आफोन्सु द आल्बुकेर्क याच्या पुतळ्यासाठी उभारलेला होता. आज तिथे गोव्याच्या मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांचे स्मारक आहे आणि आल्बुकेर्कचा पुतळा जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. १९६० साली, म्हणजे मुक्तीच्या अगदी तोंडावर, जुन्या गोव्यात उभारलेला पोर्तुगीज महाकवी कामोंइश याचा पुतळाही विरोधानंतर त्याच संग्रहालयात आला. मानाची जागा काढून घेतली, वस्तू राखली. याहून मला आवडते ते पणजीचे मिनेझिस ब्रागांझा संस्थेचे दालन. तिथल्या भिंतींवर जॉर्ज कोलासु याने १९३५ साली केलेली निळी आझुलेजु (चकचकीत फरशांवरील) चित्रे आहेत, वास्को द गामाच्या सफरीचे गुणगान करणाऱ्या कामोंइशच्या महाकाव्यातील प्रसंगांची. संस्थेचे नावही पूर्वी वास्को द गामाचेच होते. मुक्तीनंतर फरशा तशाच ठेवल्या आणि नाव दिले लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे, ज्यांनी १९३० साली कायदेमंडळात वसाहतविषयक कायद्याला ठराव मांडून विरोध केला होता. त्या दालनात उभे राहिले की साम्राज्याचे गाणे आणि त्याला विरोध करणारा माणूस, दोन्ही एका नजरेत येतात. याउलट दिवाडीच्या फेरीबोटीतून उतरून माणसे रोज जुन्या गोव्यातील ज्या व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातात, तिच्या शहराकडील बाजूस हातात तलवार घेतलेली स्त्री आणि तिच्या पायांखाली पडलेला पुरुष कोरलेला आहे. किती जण मान वर करून पाहतात, आणि पाहिलेच तर त्यांना तो पुरुष कोण हे कोण सांगते, याची मला खंत वाटते. गोवा राज्य संग्रहालयात इंक्विझिशनचे म्हणून ओळखले जाणारे मेज आणि खुर्च्या आहेत. सुतारकाम देखणे आहे. म्हणूनच अशा वस्तूंवर केवळ लाकूड आणि शतक लिहून भागत नाही.

पोस्टकार्डांविषयी थोडक्यात. ज्या बाईच्या चित्राखाली तिचे नाव नाही, फक्त जात आहे, ते चित्र कुठेही पुन्हा छापू नका, समाजमाध्यमांवर तर नाहीच. ती आपल्याकडे पाहून हसलेली नाही. तिला उभे केले होते. संशोधकाला दाखवा, पाकिटात ठेवा.

भावाच्या सूचनेविषयी मी स्पष्ट बोलतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि ऐतिहासिक मोलाचा पंचाहत्तर वर्षांहून जुना दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतो. खासगी माणसाला तो परदेशी पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे कबुलायत आणि जुनी पोस्टकार्डे विक्रीला काढण्याचा विचारही नको. तसबीर आणि पट्टा कायद्याच्या त्या मर्यादेत कदाचित बसणार नाहीत, तरीही माझा विरोध कायम आहे. हुकूमशहाच्या बक्कलाला चढा भाव देणारे काही गिऱ्हाईक अभ्यासक असतात, पण काही त्या बक्कलाच्या प्रेमात असतात, आणि विकणाऱ्याला दोघांतला फरक कळत नाही. शिवाय फोंड्यातील अमुक घरातला, अमुक मुलाने घातलेला पट्टा एकदा बाजारात गेला की तो नुसता पट्टा होतो. त्याच्यामागची सारी माहिती, म्हणजे त्याचे खरे मोल, रस्त्यातच गळून पडते. पर्यटकांसाठी हल्ली केलेल्या जुन्या धर्तीच्या नकला आपल्या घरात असतील, तर त्यांना मात्र यातला कोणताही नियम लागू नाही. त्या खुशाल टाका.

घरात ठेवायचे नसेल तर पणजीचा राज्य दप्तरखाना किंवा पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र यांच्याशी बोलावे. देताना सर्व वस्तू एकत्र, एकाच यादीने द्या. तसबीर एकीकडे आणि कबुलायत दुसरीकडे गेली तर एकाच खोलीत एकाच माणसाच्या हाताखाली या दोन्ही होत्या ही गोष्ट हरवते. कोणाला पाहू द्यावे, छापू द्यावे की नाही, या अटी दानपत्रातच लिहून घ्या. मुंडकार कुटुंबाला मूळ कागद केव्हाही पाहता येईल, ही अट मी स्वतः सर्वांत वर लिहिली असती.

आता आजोबांचे पदक. आपण विचारले आहे की ते ठेवले तर आजोबांचा गौरव होतो का आणि टाकले तर त्यांचा अपमान होतो का. मला यातले काहीच होत नाही असे वाटते. रेजिदोर हा गावात सरकारचा माणूस होता. त्याने मुंडकाराचा हात धरून अंगठा उठवला असेल, आणि त्याच हाताने कोणाच्या मुलाची सुटका व्हावी म्हणून अर्जही लिहिला असेल. आपल्या ट्रंकेत पहिल्याचा कागद सापडला आहे, दुसऱ्याचा सापडला तर तोही ठेवा, पण एकाने दुसरा पुसला जातो असे समजू नका. यादीत त्या पदकापुढे कोणी दिले, कोणत्या साली, कशासाठी, एवढेच लिहा. त्याखाली एक ओळ सोडून, त्याच वर्षांत त्यांचा मुलगा कुठल्या तुरुंगात होता, तेही लिहा. ते वाक्य चुलत्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले तर उत्तम. होळीऐवजी हे काम त्यांच्या हाती द्यावे, अशी माझी सूचना आहे.

आणि तोवर निगा. प्रत्येक वस्तूचा पुढून आणि पाठून, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. क्रमांक शिसपेन्सिलीने घाला, बॉलपेनाने नव्हे. कबुलायत उन्हात वाळवू नका, तिला चिकटपट्टी लावू नका, ती प्लॅस्टिकमध्ये मढवू तर मुळीच नका. जुन्या लोहयुक्त शाईचा कागद आधीच आतून खाल्लेला असतो आणि मढवला की तो कायमचा गेला. खळ निघेपर्यंत धुतलेल्या मांजरपाटाच्या घडीत ठेवून वर जाड पुठ्ठा घाला. बक्कल चिंचेने किंवा आमसुलाने घासून चकचकीत करू नका. चिऱ्याच्या भिंतीला टेकवून काही ठेवू नका, कारण ती भिंत पावसाळ्यात श्वास घेते आणि त्या श्वासात बुरशी असते. जमिनीपासून हातभर उंच, आतल्या खोलीतले लाकडी कपाट पुरेल, आणि पंधरा दिवसांनी एकदा ते उघडून वाळवी व कसर पाहा. घराची कौले अजून उतरलेलीच आहेत, असे आपण लिहिले आहे. मिरग सुरू होण्याची वाट न पाहता ट्रंक या आठवड्यात तिथून हलवा, आणि हलवताना कबुलायत हातात वेगळी घ्या.